मीटिंग रूममध्ये पालथी

मंडळी, आज दुपारी मी इथे जपानमध्ये, त्सुकुबातल्या आमच्या लॅबच्या मीटिंग रूममध्ये जमिनीवर पालथी पडले होते. तब्येत उत्तम आहे, काळजी नसावी.

मी मूळची छातीची डॉक्टर, इथे रिसर्चसाठी आलेय. कोविड वाढल्यापासून सांगलीच्या एका हॉस्पिटलचा राउंड रोज व्हिडिओवर घेते. तिकडे सिस्टर टॅबलेट धरून खाटांमधून फिरते, मी इथून पेशंट बघते.

आज एका आजींचा ऑक्सिजन खाली येत होता. पालथं झोपल्यावर बऱ्याचदा तो सुधारतो, म्हणून मी तसं सांगितलं. आजी ढिम्म.

"पालथं झोपत्यात व्हय कधी? अवलक्षण हाय ते. आणि तुला काय जातंय तिकडं खुर्चीत बसून सांगायला?"

खुर्चीचं खरंच होतं. मी लॅपटॉप जमिनीवर ठेवला आणि त्यांच्यासमोर पालथी झाले. म्हटलं, "घ्या आजी, अवलक्षण दोघींच्या वाट्याला."

त्या मास्कमधून हसल्या आणि सिस्टरच्या आधाराने वळल्या. आकडा हळूहळू चढू लागला.

तेवढ्यात लॅबमधले मोरी-सान दार उघडून आत आले. मला बघून थबकले, वाकून माफी मागितली आणि गेले. जरा वेळाने परत येऊन, काही न विचारता, माझ्या डोक्याशी एक उशी ठेवून गेले.

टॅबलेटमधून आजींचा आवाज आला, "सिस्टर, मलापण उशी दे की."

तुमच्या घरच्या हट्टी माणसांना तुम्ही कसं पटवता? माझा उपाय करून बघणार असाल, तर आधी दाराला कडी लावा.