सरावाच्या गोळ्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखणाऱ्याला सांगायची हिंमत नाही, हेच खरं.

अवी माझा धाकटा भाऊ. लालबागच्या चाळीत आम्ही एका गोधडीत वाढलो. परळच्या हॉस्पिटलात आई शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा मी रात्रंदिवस तिच्या उशाशी. आणि अवी? त्याच दिवसांत त्याने चाळीतली खोली एकट्याच्या नावावर करून घेतली. मला कळलं ते शेजारच्या काकूंकडून, आईच्या तेराव्याला. "ताई, तुझं दादरला घर आहेच की," एवढंच म्हणाला. मी भांडले नाही. सगळे म्हणाले, किती समजूतदार!

पुढे चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं. अवी एका बिल्डरच्या बाजूने उभा राहिला, तशा दुसऱ्याच्या माणसांकडून धमक्या यायला लागल्या. त्याने रिव्हॉल्व्हरचं लायसन्स काढलं. गोळ्या घ्यायला मला सोबत नेलं. कॉलेजपासून मी रेंजवर नेमबाजी करते. घरात त्यातलं कळणारी मी एकटीच.

दुकानदाराने दोन पेट्या काउंटरवर ठेवल्या. एक ताजी. दुसरी जुन्या मालातली. "ह्या सरावाला चालतील, मॅडम," तो म्हणाला. त्याच मालातल्या गोळ्या मी वापरल्या होत्या. मधूनच एखादी उडायचीच नाही. सरावात काय बिघडतं? पण जिवासाठी जवळ बाळगायची गोळी दर वेळी उडालीच पाहिजे. बाकी सगळं नंतर. नव्या मुलींना हे मीच शिकवते.

अवी बाहेर फोनवर होता. आत आला. "ताई, तू सांगशील ती."

मी जुनी पेटी त्याच्यापुढे सरकवली. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं — त्याला वाटलं असेल, आधी सराव करायचा असेल.

काही महिन्यांनी भोईवाड्याच्या एका गल्लीत, भर दुपारी, दोघांनी अवीला गाठलं. त्याने रिव्हॉल्व्हर रोखलं, चाप ओढला — टक. पुन्हा ओढला — टक. मग त्यांनी लोखंडी सळईने त्याचा उजवा हात ठेचला.

"बरंच झालं गं ताई," खाटेवरून तोच म्हणाला, "माणूस मेला असता, मी आत गेलो असतो." सगळ्यांनी री ओढली. मग मीही स्वतःला पटवायला लागले, की त्याच्या हातून खून होऊ नये म्हणूनच मी त्या जुन्या गोळ्या निवडल्या. किती सोयीचं! पण काउंटरशी माझ्या मनात असलं काही नव्हतं. मला एवढंच हवं होतं — डोळे मिटून ज्याच्यावर विसंबावं, त्यानेच ऐन वेळी दगा दिला की कसं वाटतं, ते त्याला कळावं.

तेही त्याला कळलं नाही. तो नशिबाला बोल लावतो.

रविवारी तो जेवायला येतो. बोटं मिटत नाहीत, म्हणून बांगड्याचे काटे मी काढून देते. परवा जेवता जेवता थांबला. खाली बघत म्हणाला, "ताई, खोलीचं... चुकलंच माझं."

"जाऊ दे रे," मी म्हटलं. आणि त्याला आणखी भात वाढला.