मावशीचा अंगठा आणि आईची पावलं

आमचं भाड्याचं घर विकलं गेलंय, हे मला मालकिणीने, म्हणजे मासळी विकणाऱ्या मावशीने, सांगितलं नाही. बोईसरच्या मासळीबाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या बाईने सांगितलं. "तुमच्या मावशीने घर इकला ना? मस्कतवाल्याने घेतला." कोलंबी तोलायला सांगितली होती, ती तशीच टाकून मी निघाले. रिक्षा करायचंसुद्धा सुचलं नाही.

भीती माझ्यासाठी नव्हती. मी काय, कुठेही पथारी टाकेन. भीती आईची. काचबिंदूने तिची नजर पार गेली, तशी मी तिला केळव्याहून इकडे आणली, कारण माझी नोकरी तारापूरच्या कारखान्यात, पॅकिंगला. सुरुवातीला ती पलंगावरून उठेचना. मग एक दिवस भिंत धरून तिने घर पाठ करायला घेतलं. पलंगापासून मोरी सात पावलं, मोरीपासून ओटा चार, ओट्यापासून दार नऊ. चौथ्या महिन्यात मी कामावरून आले तर बाईसाहेबांनी चहा करून ठेवलेला! साखर भरमसाट पडली होती. मी दोन कप प्यायले आणि मोरीत जाऊन रडले. हे घर गेलं तर तिचे डोळे दुसऱ्यांदा जाणार होते.

आणि हातात कागद काय? त्याचीही गंमत ऐका. अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी करायला एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. मावशीने अंगठा ठेवला, उमटेना. पुसून ठेवला, दुसऱ्या हाताचा ठेवला. सगळा जन्म बर्फात, मिठात आणि खवल्यांत गेलेला, बोटांवर रेषा राहिल्यात कुठे! एजंट म्हणाला, पंधरा दिवस मासळीला हात लावू नका, मग बघू. मावशी भडकली. "पंधरा दिस खाऊ काय, तुजा मशीन? अंगठा नाय तर नाय, माजा तोंड हाय ना!" मला हसू आलं, त्यासाठी पुन्हा रजा टाकायला नको म्हणून बरंही वाटलं. नोंदणी राहिली ती राहिलीच. इतकी कशी मी बावळट, असं नंतर स्वतःला शंभरदा विचारलं.

मावशीला गाठलं तर ती नजर चुकवायला लागली. मुलाच्या होडीचं इंजिन बसलं होतं, होडी किनाऱ्यावर पडून होती. "काय करू बाय, पोटासाठी इकला." मी विचारलं, मग विकताना अंगठा कसा उमटला? ती हळूच म्हणाली, "पंधरा दिस घरी बसली."

त्याच आठवड्यात नव्या मालकाचा फोन आला. आवाज अगदी गोड. "ताई, गडबड नाही, पण महिनाअखेरीस घर मोकळं करा." गोड बोलणाऱ्या माणसांची मला फार भीती वाटते, शिव्या देणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं. त्या दिवसापासून दाराची कडी वाजली की मी आधी फटीतून बघायची. आईला मी काहीच सांगितलं नाही.

रजा टाकून कोळगावला गेले, कोर्टाजवळच्या एका वकीलबाईंकडे. त्या म्हणाल्या, घर विकलं म्हणून तुम्हाला कोणी उद्या उचलून बाहेर ठेवू शकत नाही. "आणि करार नोंदवणं मालकाचं काम. नोंदवला नसेल, तर काय ठरलं होतं याबद्दल तुमचाच शब्द धरतात, समोरचा तो खोटा ठरवेपर्यंत." मला जरा हायसं वाटलं, तर त्यांनी पुढचं सांगितलं. मालक परदेशी राहतो, तेव्हा भाडं कितीही कमी असो, त्यातून कर कापून सरकारात भरायचा तो भाडेकरूने. नाही भरला तर नोटीस भाडेकरूला. अरे देवा! माझ्या स्वतःच्या पगाराला कधी कर लागला नाही, आणि मी मस्कतवाल्याचा कर कापणार!

पण येताना डोक्यात एकच घोळत होतं. तुमचाच शब्द धरतात. मावशी एकदा म्हणाली होती, "तुज्या आईचा घर समज, ऱ्हा किती दिस ऱ्हायचा ते." मग तीन वर्षं ठरली होती असं मी म्हटलं तर? खोटंच, पण आईसाठी. घरी पोचेपर्यंत ते वाक्य माझं पाठ झालं होतं.

महिनाअखेरीला नवा मालक सुट्टीवर आला तो मावशीला घेऊनच दारात उभा. आई ओट्यापाशी होती, तिच्यासमोरच त्याने सगळं सांगितलं आणि मला विचारलं, "तुमचं किती मुदतीचं ठरलं होतं?" मी म्हटलं, "तीन वर्षांचं." मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "हां, तीनच." माझा जीव भांड्यात पडतोय तोच ओट्यापासून आवाज आला. "अगं, काहीतरीच काय? अकरा महिनेच ना? मी तिथेच बसले होते की."

शरमेने मान वर करवेना, आणि आईचा असा संताप आला की तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. मालक मात्र भला निघाला. म्हणाला, अकरा पूर्ण करा. मी घाबरत घाबरत त्याचा कर कापून भरला आणि मुदत संपायच्या आत आम्ही सामान हलवलं.

नवं घर स्टेशनच्या पलीकडे. या वेळी करार नोंदवलेला, अंगठे लख्ख उमटलेले. मी आईचा हात भिंतीला लावला आणि म्हटलं, चल, मोजूया, पलंगापासून मोरी. ती हलली नाही.

"हे किती महिन्यांचं?" तिने विचारलं.

खोटं बोलायची आता हिंमत नव्हती. "अकरा," मी म्हटलं.

"मग कशाला पाठ करू?" म्हणाली, आणि पलंगाची कड चाचपत परत खाली बसली. चहा आता मीच करते.