बाल्कनीतला चहा

उषाताईंचा राग ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत सगळ्यांच्या ओळखीचा. महाराज बाड्यावरच्या बँकेत काउंटरवर होत्या तेव्हा सही जुळली नाही की भल्याभल्यांना परत पाठवत. अशी बाई निवृत्तीनंतर एका ठेकेदाराच्या गोड बोलण्याला भुलली, आणि कशामुळे, तर तो मराठी बोलतो म्हणून.

घराची रस्त्याकडची बाल्कनी दोन दगडी टेकूंवर उभी होती आणि दोन्हींना तडे गेले होते. उषाताईंचे यजमान रघुनाथराव अर्धांगवायूनंतर दिवसभर तिथेच खुर्ची टाकून बसत. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करायचा, एवढंच जग त्यांना उरलं होतं. किला गेट भागातल्या एका ठेकेदाराने स्पष्ट सांगितलं होतं, दगड काढून लोखंडी गर्डर घालावे लागतील, तोवर इथे कुणाला बसवू नका. तो फटकळ होता, म्हणून उषाताईंना आवडला नाही. मग गणेशोत्सव मंडळाचे विश्वासराव कान्होजीला घेऊन आले. आपल्यातलाच मुलगा आहे, म्हणाले, आणि झालं. ग्वाल्हेरात आपल्या माणसांना मराठी बोलणारा ठेकेदार भेटला की आपण अक्कल खुंटीला टांगतो. याआधी कुणाचं काम केलंस, एवढंसुद्धा उषाताईंनी विचारलं नाही.

कान्होजीने समोर हिरवी जाळी बांधली. जाळीमागे डोकवावं असं उषाताईंना वाटायचं, पण घरच्यासारख्या मुलावर संशय कसा घ्यायचा? उलट त्याला रोज गरम पोळ्या वाढत. गर्डर बसले, वरून प्लास्टर केलं, असं त्याने सांगितलं. रंग लागला, जाळी निघाली आणि रघुनाथरावांची खुर्ची पुन्हा बाल्कनीत गेली.

दिवाळीनंतर एका सकाळी प्लास्टरचा पोपडा रस्त्यावर पडला. उषाताई खाली जाऊन बघतात, तर गर्डर नाहीच. तोच जुना दगड, तोच तडा, त्यात नुसतं सिमेंट कोंबलेलं. आणि वर रघुनाथराव बसलेले. उषाताई धावत जिना चढल्या, त्यांना खुर्चीसकट आत ओढलं, आणि मग त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

फोनवर विश्वासराव म्हणाले, समजुतीने घेऊ, चारचौघांत आपली शोभा नको. उषाताईंनी दोघांनाही चहाला बोलावलं.

ते आले तेव्हा उंबऱ्याच्या आतूनच हात लांबवून उषाताईंनी दोन खुर्च्या बाल्कनीत सरकवल्या होत्या. विश्वासराव सरळ तिकडे निघाले. उषाताईंनी त्यांचा दंड धरला. "तुम्ही थांबा. आधी कान्होजी बसेल."

कान्होजी दारातच घुटमळला. "काकू, आतच बसू ना. तिकडे धूप फार आहे."

कार्तिकातलं ऊन! ज्यासाठी अख्खी छावणी गच्चीवर जाऊन बसते, ते याला सोसेना. उषाताईंनी पुन्हा सांगितलं, तरी त्याचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं नाही. परत करून देतो, टेन्शन नका घेऊ, असं काहीबाही तो पुटपुटत राहिला.

"तुला माहीत होतं," उषाताई म्हणाल्या. "रोज खालून जाताना तू यांना नमस्कार करायचास. ते कशावर बसलेत हे माहीत असून करायचास."

विश्वासराव मध्ये पडले. वहिनींनी इतकं टोकाला जाऊ नये, मुलगा वाईट नाही, आमच्या घरची गॅलरीही यानेच केली, आजवर तक्रार नाही, असं समजावू लागले.

"त्या गॅलरीत तुमचा नातू खेळतो ना?" उषाताईंनी विचारलं. "मग मला कशाला समजावता? याला विचारा, तिथे तरी हा जाऊन उभा राहील का."

विश्वासरावांनी वळून पाहिलं. कान्होजीने मान खाली घातली.

विश्वासरावांनी खिशातून फोन काढला. घरी सुनेने उचलला.

"ध्रुवला गॅलरीतून आत घे," ते म्हणाले. "का ते मग सांगतो. आधी आत घे त्याला."