मिडीची मुकी वायर

वायरी कितीही नीट गुंडाळून पिशवीत ठेवा, स्टेजवर गुंताच निघतो. आमच्या हिंगणघाटच्या ऑर्केस्ट्राचे किस्सेही तसेच. एक ओढला की चार बाहेर! मी कीबोर्डवर, गायला सुनीताताई, आणि ऑक्टापॅडवर प्रमोद. ऑक्टापॅड म्हणजे ढोलक, ताशा, झांज सगळं एकाच पाटीवर काठ्यांनी बडवायचं.

*

नागपूरहून मी मिडीची वायर आणली. दोन कीबोर्ड जोडायचे, एक वाजवला की दुसराही वाजणार! जोडले. दुसरा ढिम्म.

सुनीताताईंनी चष्मा लावून मागून पाहिलं. "भाऊ, दोन्हीकडं 'आउट'मधीच खुपसलं तुम्ही! दोघंबी बोलून राह्यले, आयकते कोण? आमच्या घरी असंच हाय."

*

"पण वायरीतून आवाज कसा जाते?" प्रमोदनं विचारलं.

"आवाज जातच नाही रे. कोणता सूर, किती जोरात, कधी सोडायचा, एवढा निरोप जातो. वाजवायचं काम पलीकडच्या मशीनचं."

प्रमोद खूश. "मंग आमची आत्या मिडीच हाय! सोता भांडत नाई, निरोप मात्र जोर लावून पोचवते!"

*

समुद्रपूरला भजनाचा कार्यक्रम. मी सूर दाबलेला असतानाच पाय अडकून वायर निघाली. 'वाजव' हा निरोप पोचला होता, 'सोड' हा राहिला. पलीकडचा कीबोर्ड थांबेना! मी घाबरून दिसेल ते बटण दाबतोय, आणि पुढं बसलेले आजोबा मान डोलवतायत. "वा! याले म्हन्ते सूर धरनं!"

शेवटी मी स्विचच बंद केला. सुनीताताई माझ्यावरच उखडल्या. "काऊन बंद केलं? आत्ता कुठं माहा सूर लागलता!"

*

एका गुरुजींची शोकसभा. एव्हाना ऑक्टापॅडही मिडीच्या वायरीनं माझ्या कीबोर्डला जोडलेला. सगळे माना खाली घालून शांत उभे. प्रमोदनं ऑक्टापॅडचा आवाज पूर्ण बंद केला आणि सवयीनं रुमालानं पाटी पुसली. आवाज बंद होता, निरोप नाही! तो वायरीतून माझ्या कीबोर्डला पोचला. तिथं सनई लावलेली!

आयोजक हळूच स्टेजजवळ आले. आम्ही मेलोच! ते कानात म्हणाले, "गुरुजीले सनई लय आवडे. सुरू केलीच हाय, तं पुरी वाजवा."

*

मग प्रमोदचंच लग्न ठरलं. मुलीचे वडील कडक. "बाजेवाल्याले पोरगी?" म्हणत कसेबसे तयार झाले. पाहण्याच्या कार्यक्रमात पोरापोरीनं एकमेकांकडं धड पाहिलंसुद्धा नाही.

लग्नात ऑक्टापॅड कोण वाजवणार? मी आधीच प्रमोदकडून एक गाणं वाजवून घेतलं आणि त्याच्या सगळ्या ठोक्यांचे निरोप मिडीनं कीबोर्डात भरून ठेवले. बुद्धवंदना झाली, हार घातले, मी बटण दाबलं. पाटीसमोर माणूस नाही आणि ढोलक जोरात!

सासरेबुवा स्टेजवर आले. "हे तं आपोआप वाजून राह्यलं! मंग जावई इतके दिवस काय करत होते?"

प्रमोदचा चेहरा उतरला. तेव्हा दिवसभर मान खाली घालून असलेली नवरी वैशाली पहिल्यांदा बोलली.

"बाबा, आपोआप नाई, यायनंच वाजवलं हाय. आयका, तिसऱ्या कडव्याच्या आधी हे घाई करतेत."

तिसरं कडवं आलं. ठोका घाईतच पडला.

सासरेबुवांनी एकदा ऑक्टापॅडकडं पाहिलं, एकदा जावयाकडं, आणि मग पोरीकडं वळले.

"तुले कसं मालूम?"