आबांचं वय

माझा थोरला भाऊ धुळ्यात एका टेलरच्या दुकानात कटिंग मास्तर होता. नव्वदीची मधली वर्षं. खडूची रेघ न ओढता कात्री चालवणारा हा माणूस एकदा एकाच शर्टाला दोन डाव्या बाह्या कापून बसला. दुकानाचा मालक गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "मास्तर, याले दोन्ही हात डावाच शेतस का?" लोक हसले. पुढं असंच होत राहिलं, तेव्हा दारुडा ठरवून त्याला काढलं. दारूला तो कधी शिवला नव्हता.

मग रक्तात एचआयव्ही निघाला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅन लिहून दिला. हा रोग मेंदूतही शिरतो, माणूस मंदावतो, हात चुकायला लागतात, असं ते मला म्हणाले. वहिनीला रक्ताचं कळलं होतं. त्याचं तासन्‌तास गप्प बसणं मात्र तिला सोंग वाटायचं. ती सरळ म्हणाली, "डोकामा रोग ऱ्हायना ते मी बठ्ठं करसू. नाटक ऱ्हायनं ते पोरं लिसन चोपड्याले जासू." चोपडा तिचं माहेर. म्हणजे ती राहणार की जाणार, ते स्कॅनवर ठरणार होतं.

मी तेव्हा जळगावला एका खाजगी सेंटरमध्ये स्कॅनचं मशीन चालवायचो. धुळ्याचा कागद मालक-डॉक्टरांपुढं ठेवला. पेशंट माझा भाऊ आहे, हे सांगायची हिंमत झाली नाही. त्यांनी तो बोटाच्या टोकानं परत सरकवला. "असले पेशंट टेबलावर नकोत. नंतर गादी काय जाळू?" स्कॅनमध्ये रक्ताचा थेंब सांडत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तो 'असले' शब्द आठवला की आजही अंगाची आग होते.

आबांचा, म्हणजे वडिलांचा, स्कॅन फुकट करून घे, असं मालक-डॉक्टर मागं एकदा म्हणाले होते. म्हणून दुपारी ते जेवायला गेल्यावर मी भावाला आबांच्या नावावर आत घेतलं. नाव आबांचं, तर वयही आबांचंच टाकलं. अडुसष्ट. भाऊ जेमतेम पस्तिशीचा. टेबलावर पडल्या पडल्या तो एकेक शब्द शोधत म्हणाला, "माले आबा करी टाकं तू. मंग मनी बायको मनी माय व्हयनी का रे?" दोघंही हसलो. त्याच्या तोंडून मी ऐकलेली ती शेवटची थट्टा.

चित्रं मी पाहिली होती. मेंदूवरच्या घड्यांमधल्या फटी रुंदावलेल्या, मधल्या पोकळ्या फुगलेल्या. पण रिपोर्ट लिहायला बाहेरगावचे डॉक्टर येत. ते पेशंट बघत नसत, नुसती फिल्म बघत. त्यांनी कोपऱ्यातलं वय वाचलं. "आकसलाय थोडा. वयाच्या मानानं ठीक आहे. वडील ना तुमचे? काळजी नको."

मी म्हणालो, "हो सर."

तिथं तोंड उघडायला हवं होतं. नोकरीच्या भीतीनं नाही उघडलं.

रिपोर्ट भावाबरोबर आधीच धुळ्याला गेला होता. मागाहून मी घरी येऊन वहिनीला सांगितलं, की वय चुकीचं घातलंय, मेंदू खरंच आकसलाय. तिनं रिपोर्ट दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतला होता. "मशीन काय खोटं बोलस का? तूच सांगस ना बठ्ठास्ले." आणि ते खरं होतं, घरी मशीनची फुशारकी मीच मारायचो. ती पोरं घेऊन गेली. तिच्यावर माझा राग नाही. भाऊ धुळ्यातल्याच देवपूरच्या घरात, ज्यांचं वय मी त्याला चिकटवलं त्या आबांच्या हातानं खात, वर्षभरात गेला. मौतीला आलेली माणसंसुद्धा 'सोंगाड्या' म्हणत होती.

आता म्हणे, संगणक मेंदूच्या असंख्य चित्रांवरून शिकतो आणि नवं चित्र पाहून मेंदूचं वय सांगतो. एचआयव्ही असलेल्याचा मेंदू त्याच्या वयापेक्षा किती म्हातारा झालाय, ते त्यावरून पाहतात. चांगलंच आहे. पण वाचताना माझं डोकं फिरतं. शिकतो, तर कुणाच्या चित्रांवरून? आमच्याकडच्या 'असल्यां'ना कुणी टेबलावर घेतलंच नाही. आणि फरक काढायचा, तर माणसाचं खरं वय त्यालाही कुणीतरी सांगावंच लागतं. मी अडुसष्ट सांगितलं असतं, तर त्यानंही ठीक आहे म्हटलं असतं.