फुप्फुसाची जाळी

ती काप घेणारी. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या उंदरांच्या फुप्फुसांचे केसाहून पातळ काप यंत्राने काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगू द्यायचे आणि काचपट्टीवर अलगद उचलून घ्यायचे, हे काम प्रयोगशाळेत तिने एकवीस वर्षे केले. निरोगी फुप्फुसाचा काप पाण्यावर जाळीसारखा उलगडतो; क्षयाने भरलेला मात्र डाग पडावा तसा घट्ट राहतो. एवढे तिला सूक्ष्मदर्शकावाचून कळे.

या वर्षीच्या उंदरांचे दोन गट होते. क्षयाची लागण दोन्ही गटांना. त्यांपैकी एकाला लागणीच्याच सुमारास दुधातून वेगळे काढलेले एक प्रथिन दिलेले. कोणता ठोकळा कोणत्या गटाचा, हे कुणालाच कळू नये म्हणून त्यांवर नुसते आकडे होते. तरीही काही कापांत जाळी बरीच शिल्लक दिसे. जंतूंशी लढताना शरीर स्वतःचेच फुप्फुस जाळते, तो जाळ या प्रथिनाने आवरत असावा, असा संशोधक बाईंचा कयास होता, अजून कयासच.

एका संध्याकाळी, दुसरे काही बोलायचे सुचले नाही म्हणून, तिने हे नवऱ्याला सांगितले. सांगितले तेही अर्धेच.

नवरा रंगारी, उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती बांबूच्या परांचीवर चढून रंगवणारा. क्षयाची औषधे पूर्ण झाली होती, थुंकीत जंतू उरले नव्हते, कागदोपत्री तो बरा होता. पण दुसऱ्या मजल्यावरच्या घरी पोहोचेपर्यंत तो दोनदा थांबे, आणि कुणी पाहिलेच तर कठड्याचा रंग निरखत असल्याचे दाखवी.

त्या दिवसापासून घरात दूध वाढले. नणंद रोज पातेले घेऊन येऊ लागली.

"वहिनी, तुमच्या उंदरांना लागू पडतं, मग माझ्या दादाला का नाही?"

"उंदरांना परांचीवर चढावं लागत नाही गं," तो म्हणाला, आणि हसता हसता खोकला.

तीन आठवडे असेच गेले. मग रंगाच्या दुकानदाराचा निरोप आला: रंग मिसळायला माणूस हवाय, बसून काम, उद्या सकाळपर्यंत कळवा.

"नको म्हणून कळवतो," पेला उचलत तो म्हणाला. "अजून तीन महिने दूध पितो आणि परांचीवर जातो. बसून रंग ढवळायला मी काय म्हातारा झालोय?"

हातातले फडके तिने खाली ठेवले. "अहो, मी तुम्हाला अर्धंच सांगितलं."

"म्हणजे?"

"उंदरांना ते आजार रुजतानाच दिलं होतं. असलेलं वाचावं म्हणून. गेलेलं परत येतं, असं कुणीच म्हटलेलं नाही. आणि पेलाभर दुधात ते असून असून किती असणार?"

त्या दिवशीचे दूध घेऊन आलेली नणंद पातेल्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली.

"हे आज सांगतेस? तीन आठवड्यांनी?"

"दमले होते."

"तीन आठवडे?"

"एकवीस वर्षं. घरी आल्यावर पुन्हा फुप्फुसांबद्दल बोलायचं जिवावर येतं. आणि तुम्ही इतक्या मनापासून पीत होतात."

त्याने पेल्यातले दूध नुसतेच हलवले. मग म्हणाला, "माझी जाळी किती उरली असेल?"

"जिवंत माणसाचे काप मी घेत नाही."

"मग आता याचं काय करू?" त्याने पेला पुढे केला.

"प्या. दूधच आहे."

त्याने निम्मे प्यायले आणि उरलेले तिच्यापुढे सरकवले. दुकानाबद्दल चकार शब्द काढला नाही. तिनेही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना तो तिला जिन्याच्या पहिल्याच वळणावर दिसला. कठडा निरखत नव्हता. सरळ पायरीवर बसला होता, भिंतीला पाठ टेकून. नखांत हिरवा रंग होता.

"सहा डबे ढवळले," तो म्हणाला. मग जरा सरकून त्याने जागा केली. "बस. घाई नाही."

पिशवी मांडीवर घेऊन ती बसली. वरचा दीड जिना अजून बाकी होता.