हलगी खिडकीबाहेर

माइकची वायर खिडकीतून बाहेर गेली. तिच्या टोकाला माझे वडील, आप्पा. पायरीवर.

आत गालिचा, हीटर, बारा व्हायोलिनवाले, दोन चेलो. बाहेर जानेवारीचं धुकं. राजा घाटाजवळचं हे घर दिग्दर्शकाचं. काशीत पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य केलेलं मराठी घराणं. त्याच्या भुताच्या सिनेमाचं संगीत मी लिहीत होते. माझा पहिला सिनेमा. आमच्या खानदानातली पहिली बी.ए. मी, म्युझिक घेऊन. आप्पा इथेच काशीत, रेल्वेत झाडू मारून रिटायर झाले. हलगी त्यांच्या बापाची, गावाकडून आणलेली.

आप्पा आत येऊ लागले तसा दिग्दर्शक म्हणाला, "तू बाहेरच बस रे. आवाज खुला येतो." हा तिशीचा. आप्पा पासष्टीचे.

मला म्हणाला, "आत धूर-बिर होईल ना. समझा कर."

मी समजून घेतलं. लिहिताना लाज वाटते, पण घेतलं. पडद्यावर माझं नाव येणार होतं.

हलगी तापवल्याशिवाय बोलत नाही. गारठ्यात कातडं सैल पडतं. आप्पांनी रद्दी पेटवली, हलगी जाळावर फिरवली, टिचकी मारून ऐकली. पुन्हा फिरवली. आत मी हात वर केला. चेलो घुमायला लागले, जमिनीखालून कोणी वर यावं तसे. मग हलगी. एकच ठोका. बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

व्हायोलिनवाल्यांनी दाराकडे पाहिलं.

"बस, यही!" दिग्दर्शक खूश. "हा आवाज आला की आमच्या मूळ गावी दारं लावून घ्यायचे. मढं चाललं म्हणून. तुमच्या लोकांच्या हातातच भूत आहे!"

सगळे हसले.

मी चहा घेऊन बाहेर गेले. आप्पांनी विचारलं, "पोरी, पिक्चरमधलं भूत कोण गं?"

"हलगीवाला. मालकानं मारून विहिरीत टाकलेला."

"मारलं मालकानं. मग लोकांनी ह्याला कशापायी भ्यायचं?"

जाळ विझत आला होता. माझ्या हातातल्या स्वरलिपीच्या कागदावर माझंच अक्षर: 'हलगी. भूत येतं.' दिग्दर्शकानं नाही, मी लिहिलेलं. कॉलेज शिकलेल्या हातानं.

आत गेले. ती ओळ खोडली. मालक दार उघडून हसतो, तिथे चेलो लिहिले.

"घाबरायचं ते इथे," मी दिग्दर्शकाला म्हटलं. "आणि आप्पा आत बसतील."

"पागल झालीस? घरात जाळ करणार?"

"करणार."

"मग दुसरा कोणी लिहील."

"लिहू दे. हे कागद माझे."

वायर मीच खिडकीतून आत ओढली.

सिनेमाला संगीत दुसऱ्यानं दिलं. भूत हलगीवालाच राहिला. माझे कागद माझ्याकडे आहेत. पहिलं पान मी नव्यानं लिहिलंय. सुरांच्याही आधी, वादकांसाठी: हलगीवाला मधोमध बसेल. जाळ त्याच्या शेजारी. हलगी तापेपर्यंत सगळे गप्प थांबतील.

यातला एक शब्द मी बदलणार नाही.